बिदागीवरचा चेलोवादक



माझ्या व्याख्यानाचा विषय दारावरच्या फळ्यावर लागला आणि तेव्हापासून दोन-तीन मंडळींनी मला रस्त्यात गाठून विचारले, "हा चेलो म्हणजे कोण?" एका गृहस्थांची तर अशी समजूत झाली होती की, मी कुणा साधूच्या चेल्याविषयी बोलणार आहे. तेव्हा आधी ओळख करून देणे भाग आहे. व्हायोलिन आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच घरातला हा वडील भाऊ. पूर्ण नाव व्हायोलोनचेलो; रोजच्या बोलण्यात त्याचे शेपूट तेवढे शिल्लक राहिले. उंची सुमारे चार फूट, तारा चार. वादक खुर्चीवर बसतो, वाद्य दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरतो, खालचे लोखंडी टोक जमिनीवर टेकवतो आणि घोड्याच्या केसांच्या गजाने ते वाजवतो. हे टोकसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास वापरात आले. त्यापूर्वीचे वादक एवढे धूड नुसते पोटऱ्यांच्या पकडीत सांभाळीत. आवाजाचा पल्ला पुरुषाच्या खर्जापासून स्त्रीच्या तारस्वरापर्यंत. वाद्यवृंदात व्हायोलिनांची फौज पुढे असते आणि चेलो आठ, दहा, फार तर बारा. स्वर धरून ठेवण्याचे काम बहुतेक वेळ त्यांच्याकडे असते आणि गाणे वाट्याला येते ते अधूनमधून.

आज मला नामांकित चेलोवादकांची थोरवी गायची नाही. त्यांच्यावर पुस्तके आहेत, तबकड्या आहेत. मला त्या दहा-बारांतल्या मागच्या खुर्चीवरच्या माणसाविषयी बोलायचे आहे. त्याला मुशाहिरा नाही, पेन्शन नाही; तो आज एका वाद्यवृंदात, उद्या दुसऱ्या, परवा एखाद्या लग्नात वाजवतो आणि वाजवील त्या दिवसाची बिदागी घेऊन घरी जातो. आपल्याकडे सारंगिये, तबलजी, पेटीवाले पिढ्यान्‌पिढ्या असेच जगत आले, त्यामुळे ही जात आपल्याला परकी नाही. पण मी उदाहरण लंडनचे घेणार आहे, कारण या धंद्याचे सगळे कायदेकानू, सगळी लबाडी आणि सगळी माणुसकी त्या एका शहरात जितकी स्वच्छ दिसते तितकी दुसरीकडे दिसत नाही. मुंबईकडे मी शेवटी येईनच.

पहिली गोष्ट ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. लंडन सिंफनी, लंडन फिलहार्मोनिक, फिलहार्मोनिया आणि रॉयल फिलहार्मोनिक हे लंडनचे चार विख्यात वाद्यवृंद. जगभर त्यांचा दबदबा आहे. त्यांतल्या सभासद-वादकालासुद्धा महिन्याचा पगार नसतो. संस्था वादकांनीच चालवलेली असते आणि जितक्या तालमी व जलसे वाजवावे तितके पैसे मिळतात. पगारी नोकरी हवी तर बीबीसीच्या वाद्यवृंदात किंवा ऑपेरागृहात जायचे. सभासदांची ही स्थिती, मग जो सभासदही नाही, ज्याला कमी पडेल तेव्हा बोलावतात, त्याची काय कथा!

अशा माणसाचे दैवत म्हणजे फोन. फोन करणाऱ्याला तिकडे 'फिक्सर' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द क्रिकेटमुळे बदनाम झाला आहे. तिकडे तो सरळ धंद्याचा शब्द आहे. वादक जमवून देणारा तो फिक्सर. गुरुवारी सकाळी दहाला अमुक ठिकाणी तीन तासांचे ध्वनिमुद्रण आहे, येता का? या प्रश्नाला 'विचार करून सांगतो' हे उत्तर चालत नाही, कारण तुम्ही विचार करीत असता तेवढ्यात तो यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावतो. आणि दोनदा 'नाही' म्हटले की तिसऱ्यांदा फोन येत नाही. त्यामुळे हा मनुष्य आजारी पडत नाही, म्हणजे पडला तरी तसे कुणाला सांगत नाही. त्याच्या सुट्या ठरत नाहीत. सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही तो 'बहुतेक येईन' असे कळवतो.

बोलावणे आले की जायचे, खुर्चीवर बसायचे आणि समोर ठेवलेला कागद वाचून वाजवायचे. लंडनच्या वादकांचे पाहताक्षणी वाचून वाजवण्याचे कसब जगात वाखाणले जाते. या कौतुकाच्या मुळाशी दारिद्र्य आहे हे मात्र कोणी सांगत नाही. तालमीला पैसे पडतात, म्हणून तालमी कमी. पुष्कळदा जलशाच्याच दिवशी तीन तासांची एक तालीम आणि रात्री जलसा. ज्याला पहिल्या वाचनात वाजवता येत नाही तो उपाशी राहतो. जो उरतो त्याला ते येतच असते.

आता मी या धंद्यातल्या एका जुन्या भांडणाकडे येतो, कारण माझ्या विषयाचे खरे मर्म त्यात आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये बदली पाठवण्याची चाल होती. समजा, आपण एका जलशासाठी एका उत्तम चेलोवादकाला बोलावले. त्याने हो म्हटले. तालमीला तो आला. दुसऱ्या तालमीच्या दिवशी त्याला एका नाटकगृहात जास्त बिदागीचे काम मिळाले, म्हणून त्याने आपल्या जागी मित्राला पाठवले. जलशाच्या रात्री त्या मित्रालाही दुसरे काम निघाले, त्याने आपला विद्यार्थी पाठवला. आपण ज्याला घरी बसण्याबद्दल आनंदाने पैसे मोजले असते तो इसम ऐन जलशाला समोर बसलेला! अशी कथा तिकडे थट्टेने सांगत, पण ती थट्टा फार लांबची नव्हती.

क्वीन्स हॉल या मोठ्या सभागृहाच्या वाद्यवृंदाचे संचालक होते हेन्री वुड. मनुष्य कष्टाळू, शिस्तीचा. तालमीला एक तोंडे आणि जलशाला दुसरी, हे त्यांना असह्य झाले. १९०४ साली तिथले व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांनी वादकांपुढे येऊन सांगून टाकले की, यापुढे बदली चालणार नाही. झाले! चाळीसहून अधिक वादक उठून गेले. नुसते गेले नाहीत, तर त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला, मालक स्वतः, नफातोटा स्वतःचा, संचालकही आपण निवडू तो. तोच हा लंडन सिंफनी. त्याचा पहिला जलसा ९ जून १९०४ रोजी हान्स रिख्टर यांच्या संचालनाखाली झाला. कामगारांनी गिरणीच विकत घ्यावी तसा हा प्रकार. वुड यांच्या मोठेपणाची गोष्ट अशी की, आपल्याला सोडून गेलेल्यांच्या त्या पहिल्या जलशाला ते स्वतः श्रोत्यांत हजर होते.

आता न्याय कुणाच्या बाजूला? मी या प्रश्नावर पुष्कळ दिवस विचार केला आहे आणि माझे मन अजून दोन्हीकडे ओढते. दिलेला शब्द मोडून जास्त पैशांकडे पळणे हे आपल्या कोणत्याही धर्मात बसत नाही. ज्या श्रोत्याने तिकीट काढले त्याला अर्धवट तालमीचे संगीत ऐकवणे ही त्याची फसवणूक. वुड यांची बाजू रास्त आहे. पण ज्याला कामापुरतेच पैसे मिळतात आणि उद्याच्या कामाची खात्री कोणीच देत नाही, त्याच्याकडून निष्ठा मात्र कायमच्या नोकराची मागायची, हा कुठला न्याय? वर्षभराची हमी देत नाही तो वर्षभराची निष्ठा कोणत्या तोंडाने मागतो? बदली पाठवणे हा त्या वादकाचा विमा होता. त्याने दोन्ही दारे उघडी ठेवली, कारण कोणते दार केव्हा बंद होईल हे त्याला ठाऊक नव्हते.

प्रत्यक्षात काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. नव्या वाद्यवृंदाने बदलीची चाल पुष्कळ वर्षे तशीच चालू ठेवली आणि तिचे फळही भोगले. १९२७ मध्ये बर्लिनचा वाद्यवृंद फुर्टवेंग्लर यांच्याबरोबर लंडनला आला. रोज एकत्र वाजवणारी माणसे काय करू शकतात हे लंडनकरांनी ऐकले आणि आपल्या घरच्या वाजवण्याची त्यांना लाज वाटू लागली. १९३० साली बीबीसीने पगारी वाद्यवृंद उभारला, तेव्हा बदलीची चाल मोडली. उपदेशाने शंभर वर्षांत जे झाले नसते ते महिन्याच्या पाकिटाने झाले. पुरती मात्र ती गेलेली नाही. आजही अडलेला वादक बदली देतो; फक्त आता आधी विचारावे लागते आणि दिलेला मनुष्य तोलामोलाचा असावा लागतो. यातही एक गोम आहेच. बदली आपल्यापेक्षा किंचित कमी असावा. फारच चांगला दिला, तर पुढच्या वेळी फोन त्याच्याच घरी वाजतो.

या सगळ्या व्यवहाराला मी एक माणूस जोडतो, म्हणजे चर्चा कोरडी राहणार नाही. जॉन बार्बिरोली हे नाव पुढे संचालक म्हणून गाजले. पण त्यांची सुरुवात याच मागच्या खुर्चीवरून झाली. जन्म लंडनचा, २ डिसेंबर १८९९. बाप इटालियन, आई फ्रेंच. वडील आणि आजोबा दोघेही व्हायोलिनवाले. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात वाजवीत आणि १८८७ साली वेर्दीचा 'ओथेल्लो' प्रथम रंगभूमीवर आला तेव्हा दोघेही त्या वृंदात होते. गंमत अशी की, त्याच रात्री त्याच वृंदात चेलोच्या रांगेत एक एकोणीस वर्षांचा तरुण बसला होता, त्याचे नाव आर्तुरो तोस्कानिनी. आदल्या वर्षी दक्षिण अमेरिकेत रिओला ऐन प्रयोगाच्या वेळी संचालक नाही म्हणून या पोराला चेलो खाली ठेवून छडी उचलावी लागली होती, आणि परतल्यावर तो पुन्हा निमूट आपल्या खुर्चीवर येऊन बसला होता. पुढे १९३६ मध्ये न्यूयॉर्कला तोस्कानिनींच्या जागेवर बार्बिरोली आले.

तर हे बार्बिरोली चार वर्षांचे असताना व्हायोलिन शिकू लागले. पण पोर चळवळ्या. वाजवता वाजवता घरभर हिंडायचे आणि सगळ्यांच्या पायांत यायचे. आजोबा वैतागले. त्यांनी एक लहानसा चेलो आणून दिला, कारण चेलो वाजवायचा तर एका जागी बसावेच लागते! कलाक्षेत्रातले पुष्कळ निर्णय असेच होतात. चरित्रकार मागाहून त्यांना दैवी संकेत वगैरे म्हणतात.

१९१६ साली शिक्षण संपवून हा मुलगा सतराव्या वर्षी धंद्यात पडला. महायुद्ध चालू होते, पुष्कळ वादक आघाडीवर गेले होते, म्हणून पोरांनाही जागा मिळत होती. क्वीन्स हॉलच्या वाद्यवृंदात आठवड्याला सहा जलसे आणि रोज तीन-तीन तास तालीम. तेवढ्याने भागत नव्हते. मग ऑपेराच्या खड्ड्यात बसून वाजवणे, नाटकगृहात वाजवणे, मूकपटाच्या पडद्याखाली वाजवणे, हॉटेलात लोक जेवत असताना वाजवणे, नाचघरात वाजवणे. रस्ता सोडून सगळीकडे आपण वाजवले, असे ते पुढे सांगत. यात तक्रारीचा सूर नाही, आणि मला वाटते, त्यांचे पुढचे संचालन इतके माणसाळलेले होते त्याचे कारण इथे असावे. मागच्या खुर्चीवरचा माणूस दुपारी कुठे वाजवून आला आहे आणि रात्री कुठे जाणार आहे हे ज्याला अनुभवाने ठाऊक असते, तो छडी वेगळ्या हाताने धरतो.

२७ ऑक्टोबर १९१९ ही तारीख मला सांगायची आहे. त्या रात्री क्वीन्स हॉलमध्ये एडवर्ड एल्गार यांची चेलोसाठी रचलेली काँचेर्तो प्रथमच वाजायची होती. एल्गार तेव्हा इंग्लंडचे सर्वश्रेष्ठ रचनाकार. तेही मूळचे याच जातीचे; तरुणपणी ते बर्मिंगहॅमच्या वृंदात व्हायोलिन वाजवीत आणि वूस्टरजवळच्या एका वेड्यांच्या इस्पितळातल्या बँडचे मास्तर होते. वृंद लंडन सिंफनीचा, एकल चेलो फेलिक्स सॅमंड यांचा, संचालन खुद्द एल्गार यांचे. पण कार्यक्रमातले बाकीचे संगीत दुसऱ्या एका संचालकाकडे होते आणि त्यांनी तालमीचा वेळ ओढून ओढून आपल्याच वाट्याच्या संगीतासाठी वापरला. एल्गार ताटकळत उभे. वेळ संपली. बिदागीच्या धंद्यात घड्याळ फार कठोर असते; तालमीचे तास संपले की माणसे वाद्य पेटीत घालून पुढच्या कामाला जातात, मग समोर एल्गार असो की आणखी कुणी. त्या रात्री ही महान रचना अपुऱ्या तालमीने वाजली आणि पडली. सॅमंड यांनी इतकी मेहनत घेतली नसती तर आपण रचना मागेच घेतली असती, असे एल्गार म्हणाले.

त्या रात्री चेलोच्या रांगेत, आपल्या वाट्याचे स्वर धरून ठेवीत, एकोणीस वर्षांचे बार्बिरोली बसले होते. सव्वा वर्षाने, १९२१ च्या जानेवारीत, बोर्नमथला त्यांनी ती काँचेर्तो स्वतः एकल वादक म्हणून वाजवली. पडलेल्या रचनेला उचलून धरणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांत मागच्या रांगेतला एक रोजंदारीचा वादक होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मूकपटाच्या पडद्याखाली वाजवणाऱ्यांचा मी उल्लेख केला. त्या काळी इंग्लंडातल्या वादकांची सर्वांत मोठी भाकरी तीच होती. मोठ्या चित्रगृहात तर पुरा वाद्यवृंद असे. १९२७ साली अमेरिकेत बोलपट निघाला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत हजारो वादक घरी बसले. इथे आपल्याला आपली आठवण व्हावी. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा', आणि संगीत नाटकांच्या कंपन्या बसू लागल्या. गंधर्व कंपनीत तबल्यावर अहमदजान तिरखवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष अशी माणसे असत. नटांच्या हालअपेष्टांवर आपण पुष्कळ लिहिले. पण प्रत्येक कंपनीबरोबर जे साथीदार उठले त्यांची नावे किती जणांना सांगता येतील? लंडनला आणि पुण्या-मुंबईला एकाच यंत्राने एकाच दशकात घाव घातला, असे म्हणायला हरकत नाही.

यंत्राने घेतले तसे यंत्राने थोडे परतही केले. ग्रामोफोन, रेडिओ, चित्रपटांचे पार्श्वसंगीत यांत काम निघाले. तीन तासांची बैठक, ठरलेली बिदागी, आणि विसरून जायचे. बीटल्स या चौकडीचे 'एलिनॉर रिग्बी' हे गाणे १९६६ साली निघाले. त्यात गिटार नाही, ढोल नाही. आवाजांखाली आहेत ती आठ तंतुवाद्ये, चार व्हायोलिने, दोन व्हायोला आणि दोन चेलो. त्या चेलोंच्या खरखरीत आघातांवर ते गाणे उभे आहे. ते जगभर गेले. त्या आठ जणांना मिळाली ती एका बैठकीची बिदागी. पुढे युरोपात कायदा झाला की ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षे व्हावी, आणि वाढीव वर्षांच्या उत्पन्नातला पाचवा हिस्सा अशा अनामिक वादकांसाठी बाजूला काढावा. ब्रिटनमध्ये तो १ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाला. म्हणजे विशीत वाजवलेल्या स्वराचा पहिला वाढीव पैसा सत्तरी ओलांडल्यावर हाती यायचा. तरीही मी त्या कायद्याचे स्वागत करतो. काही नसण्यापेक्षा बरे.

खर्चाची बाजू आता थोडक्यात. उत्तम जुन्या चेलोची किंमत घराच्या किमतीएवढी असते. कित्येक वादक कर्ज काढून किंवा एखाद्या विश्वस्त निधीकडून उसना घेऊन वाजवतात. विमानाने जायचे तर वाद्यासाठी स्वतंत्र आसन, म्हणजे दुसरे तिकीट. गजासाठी ब्राझीलमधले पर्नाम्बुको नावाचे लाकूड लागते. ते दुर्मिळ झाल्यामुळे २००७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. केस बदलायचे, तारा बदलायच्या. पूर्वी तातीच्या असत, आता पोलादी. शिवाय वादकाची पाठ, खांदा, बोटे. बोट सुजले तर त्या दिवसाचा पगार कोण देणार? २०२० च्या मार्चमध्ये महामारीने सगळी सभागृहे एकदम बंद झाली तेव्हा या लोकांचे पाठबळ किती होते ते उघडे पडले. सरकारने स्वतंत्र व्यवसायवाल्यांसाठी योजना काढली, पण तिच्या अटींत न बसणारे पुष्कळ वादक बाहेरच राहिले. वादकांच्या संघाने आपल्या गाठीचे दहा लाख पौंड काढून सभासदांना दोनदोनशे पौंड वाटले. दोनशे पौंडांत लंडनला किती दिवस निघतात याचा हिशेब न केलेला बरा. पण तो निधी सरकारच्या आधी पोचला.

आता मुंबई. आपल्यापैकी ज्यांना वाटत असेल की चेलोशी आपला संबंध नाही, त्यांनी लता मंगेशकरांचे कोणतेही जुने गाणे घ्यावे आणि दोन अंतऱ्यांच्या मधल्या जागेकडे कान द्यावा. तिथे जे तंतुवाद्यांचे दाट पडदे हलतात, ते वाजवणारे बहुतांशी गोव्याचे. चर्चच्या शाळेत लहानपणी मेस्त्रेकडून ही मुले स्वरलिपी वाचायला शिकत. मग मुंबईची वाट. धोबीतलावाच्या बाजूला गावागावांचे कूड होते. तिथे एका ट्रंकेपुरती जागा, सामाईक देव्हारा, आणि संध्याकाळी हॉटेलातल्या बँडचे काम. बोलपटांना वृंद लागू लागला तेव्हा कागदावरचे स्वर वाचून पहिल्या झटक्यात वाजवणारी माणसे एवढीच होती. चाल संगीतकाराची, पण वाद्यांचा कागद लिहिणारा अरेंजर पुष्कळदा गोव्याचा. शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबास्टियन डिसोझा हे त्यांतले मोठे नाव. चेलोवाल्यांत कलकत्त्याकडचे बासुदेव चक्रवर्ती राहुलदेव बर्मन यांचे सहायक झाले. गायिका, साठ-सत्तर वादक, सगळे एकाच वेळी वाजवीत. एकाचा स्वर चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसाची बिदागी घेऊन माणूस लोकलने घरी. चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावळीत केशभूषाकाराचे नाव येई, चेलोवाल्याचे येत नसे.

त्यांतला एक जण, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, व्हायोलिनवादक आणि अरेंजर. दिवसभर सिनेमाचे काम करून त्यांनी १९५८ साली सेंट झेवियर कॉलेजच्या आवारात आपल्याच रचना शंभरावर वादकांकडून वाजवून घेतल्या, भारतीय रागांच्या आणि पाश्चात्य वृंदाच्या. वादक तेच, सिनेमातले. साठीच्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर सिनेमापासून दूर, गोव्यात राहिले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्यांच्या शिष्याने, प्यारेलाल यांनी, गुरूचे नाव एका विनोदी गाण्यात घातले आणि ते घरोघर पोचले. लोकांना ते काल्पनिक पात्र वाटले. २०१२ च्या जानेवारीत ते वारले.

आणि मेहली मेहता. १९३५ साली मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारणारे ते हेच; झुबीन यांचे वडील. एवढा मोठा वृंद मुंबईत पगारावर चालणे शक्य नव्हते. पंचेचाळिशी उलटल्यावर ते इंग्लंडला गेले आणि मँचेस्टरच्या हाले वाद्यवृंदात व्हायोलिन घेऊन बसले. त्या वृंदाचे संचालक होते आपले बार्बिरोली, ज्यांनी १९४३ मध्ये युद्धाच्या धामधुमीत मिळतील ते वादक गोळा करून तो वृंद काही आठवड्यांत नव्याने बांधला होता. मुंबईतला संचालक मँचेस्टरला वादक झाला आणि लंडनच्या मागच्या खुर्चीवरचा वादक तिथे संचालक होता.

ऐंशीच्या दशकानंतर मुंबईत विजेची कळपाटी आली. एक मनुष्य एका खोलीत बसून साठ व्हायोलिनांचा आभास करू लागला, आणि गोव्याच्या मुलांनी व्हायोलिन-चेलो सोडून दुसरे धंदे धरले. २००६ साली एनसीपीएने 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभारला, तेव्हा खुर्च्या भरण्यासाठी कझाकस्तानातून वादक आणावे लागले. ज्या शहरात एके काळी सकाळी निरोप धाडला तर दुपारी दहा चेलो हजर होत, त्या शहराची ही स्थिती. त्या परदेशी वादकांविषयी माझी तक्रार नाही, ते उत्तम वाजवतात आणि आता इथल्या मुलांना शिकवतातही. पण आपण गाणी ऐकत राहिलो आणि वाजवणारे आपल्यादेखत नाहीसे झाले, त्याचा पत्ता आपल्याला वीस वर्षांनी लागला.

वेळ संपत आला आहे आणि अध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागले आहेत. तेही बिदागीच्या धंद्यातल्यासारखे कठोर दिसतात. मी बरोबर एक तबकडी आणली आहे. एल्गार यांची तीच काँचेर्तो. १९६५ च्या ऑगस्टमधले ध्वनिमुद्रण. वृंद तोच लंडन सिंफनी, एकल चेलो वीस वर्षांच्या जॅकलिन द्यु प्रे यांचा, संचालन पासष्ट वर्षांच्या बार्बिरोलींचे. या मुलीचे वादन पुढे आठ वर्षांत दुखण्याने कायमचे थांबले. अर्ध्या तासाची रचना आहे, ज्यांना शक्य असेल त्यांनी थांबावे. आरंभी एकटा चेलो बोलतो, मग व्हायोला अगदी एकट्या, साथीवाचून एक लांब धून सुरू करतात. शेवटच्या भागात एका ठिकाणी एकल वादक आणि मागच्या रांगेतले सगळे चेलो एकच ओळ एकत्र वाजवतात. क्षणभर एकल कोण आणि रांग कोणती ते ओळखू येत नाही. तिथे मी हात वर करीन. १९१९ च्या त्या रात्री ती ओळ वाजवणाऱ्यांत बार्बिरोली होते.